एकोणीस दिवस मला माहीत होतं

निर्मलाताई,

तुम्ही गेलात त्याला आज सव्वीस दिवस झाले. मधे चार रविवार गेले. पहिल्या रविवारी मी सवयीनं दोघींपुरता भात लावला आणि कुकरची शिट्टी झाल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या रविवारी स्वयंपाकच केला नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "विजयाताई, चार माणसांत जात जा, मन रमेल." चार माणसांत मला कधी रमता आलं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. एकाच माणसात रमले होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर पुष्कळ जण बोलले. महूचे तुमचे भाऊ बोलले, संस्थेतले विद्यार्थी बोलले, मिलमधले दोन म्हातारे मुकादम काठी टेकत उठून बोलले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मानेनंच नाही म्हटलं. मला जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. ते तुमच्याशीच बोलायचं होतं आणि पुष्कळ वर्षांपूर्वी बोलायचं होतं.

कापड मिलच्या ऑफिसात आपण दोघीच बायका होतो. तुम्ही वेल्फेअर ऑफिसर, मी जनरल मॅनेजरची स्टेनो. पहिले सहा महिने मी तुम्हाला 'मॅडम' म्हणत होते. एकदा जेवताना तुम्ही माझ्या भाजीवर तुमच्या पुडीतली सेव भुरभुरलीत आणि म्हणालात, "ज्या बाईची सेव खातेस तिला मॅडम काय म्हणतेस?" त्या दिवसापासून तुम्ही ताई झालात. मी आईला घरी जाऊन सांगितलं होतं, मला एक मोठी बहीण मिळाली म्हणून. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिला बरं वाटलं.

मग नवे साहेब आले. तो काळ तुम्हाला आठवतच असेल. पेपरात रोज खुल्या बाजाराचं कौतुक असायचं. पीथमपूरला नवे कारखाने उभे राहत होते आणि इकडे शहरातल्या मिलांची धुराडी एकेक करून थंड पडत होती. आपल्या मिलमध्ये सूत काढायचा साचा बिघडला तर दोन-दोन महिने सुटा भाग मिळत नसे. अशा दिवसांत नवे साहेब मुंबईहून आले आणि बरोबर पुस्तकांचे दोन खोके घेऊन आले. सगळी इंग्रजी, सगळी गुळगुळीत कागदाची. माणसांना कामाला कसं लावावं, त्यांचं मन कसं जिंकावं, त्यांच्यातली शक्ती कशी जागी करावी. साहेबांनी तुम्हाला बोलावून सांगितलं, "मॅडम, लोकांचं मन कामात नाही. ही वाचा आणि त्यांना शिकवा."

तुम्ही पुस्तकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवलात. सगळ्यात वरच्या पुस्तकावर टाय लावलेला एक माणूस जिना चढत होता. तुम्ही त्याच्याकडे पाहून म्हणालात, "याचा जिना झाडतं कोण, ते आत असेल का ग?"

पहिलं पुस्तक तुम्ही तीन दिवसांत संपवलंत. "विजू, यात कामगार नाहीच. यात सगळे खुर्चीवाले आहेत." दुसरं वाचून झाल्यावर मात्र तुम्ही तसं म्हणाला नाहीत. डबा उघडून तसाच पुढ्यात ठेवलात आणि म्हणालात, "एक गोष्ट यानं खरी लिहिली आहे. माणसाला कुणी विचारलं तर आवडतं."

तिथून आपला वाद सुरू झाला, तो काही मिटला नाही. मी म्हणायचे, हे सगळं पगार न वाढवता काम वाढवण्याचं शास्त्र आहे. पाठीवर थाप द्यायची आणि आणखी एक साचा गळ्यात मारायचा. तुम्ही म्हणायचात, "असेल. पण रिंग खात्यातल्या दौलतरावाला बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही की बाबा, तुझा धागा इतका का तुटतो. ते विचारण्यासाठी पगारवाढ कशाला लागते?" मी म्हणायचे, विचारून पुढं काय? तुम्ही म्हणायचात, "ते विचारल्याशिवाय कसं कळेल?"

पहिल्या पाळीनंतर कँटीनमध्ये तुमचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी अकरा जण आले, तेही बहुतेक चहासाठी. तुम्ही त्या इंग्रजी पानांचं मराठी करायचात, मग मराठीचं हिंदी, आणि समोर सांवेरकडचे कामगार बसलेले असले की त्यातच माळवी घालायचात. 'मोटिव्हेशन'ला तुम्ही 'मन लागणं' म्हणत होतात. मी दारात उभी राहून ऐकत असे. तुम्ही विचारलंत, "मन कधी लागत नाही, ते सांगा." मग दौलतराव उठले. उंच, कानांत कापसाचे बोळे तसेच राहिलेले.

"मॅडमजी, दुपारी खात्यातली हवा एकदम सुकून जाते. ओल धरणारे फवारे दोन सालांपासून बंद पडलेत. हवा सुकी, तर धागा तुटणारच ना. आणि धागा तुटला की गाली आम्हाला."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मेंटेनन्सच्या माणसाजवळ स्टूल टाकून बसलात. फवारे सुरू होईपर्यंत तुम्ही उठला नाहीत. त्या आठवड्यात रिंग खात्यातला धागा तुटण्याचं प्रमाण उतरलं आणि पुढच्या वर्गाला कँटीनमध्ये जागा पुरली नाही. लोक बोलायला लागले. कुणी उजेडाचं बोललं, कुणी सुताच्या पेट्या ओढायच्या गाड्यांचं. तुम्ही लिहून घेत होतात आणि जे होण्यासारखं होतं ते करून घेत होतात. हजेरी सुधारली. एकदा दौलतराव ऑफिसच्या व्हरांड्यातून गेले तेव्हा मी पाहिलं, त्यांच्या चालण्यात फरक पडला होता. तेव्हा मी मनातल्या मनात वाद हरले होते. तुम्हाला तसं म्हटलं नाही.

आता ते सांगते.

एका मंगळवारी साहेबांनी दार लावून मला डिक्टेशन दिलं. मिल बंद करण्याची परवानगी मागणारा सरकारला अर्ज होता. चार पानं. मी शॉर्टहँडमध्ये घेतलं, टाइप केलं, कार्बन कॉपी वेगळ्या काढल्या. साहेब शांतपणे म्हणाले, "हे या खोलीतून बाहेर गेलं तर मला कळेल कुणाकडून गेलं. तुमच्या आईची तब्येत कशी आहे?" दोन्ही वाक्यं एकाच सुरात होती. मी म्हटलं, "बरी आहे, सर."

त्या दिवसापासून गेटवर नोटीस लागेपर्यंत एकोणीस दिवस गेले. एकोणीस दिवस आपण एका टेबलावर डबे उघडत होतो. तुम्ही मला वर्गातल्या गमती सांगत होतात आणि मी हसत होते.

त्यातल्याच एका दुपारी दौलतराव आपल्या खोलीत आले. तुम्ही त्यांना बसायला सांगितलंत, ते उभेच राहिले. सांवेर रोडवर एका प्लास्टिकच्या कारखान्यात त्यांच्या ओळखीतून जागा निघाली होती. पगार कमी, पण नवा कारखाना. "घरवाली म्हणते जा. मला कळत नाही. तुम्ही सांगा, मॅडमजी, काय करू?"

तुम्ही डबा बाजूला सारलात. हात पुसलेत, विचार केलात. मग माझ्याकडे वळलात. "काय ग विजू, साहेबांचा मूड कसा आहे हल्ली? बरा आहे ना?"

मी म्हटलं, "हो, बरा आहे."

तुम्ही दौलतरावांना म्हणालात, "थांबा. काम सुधारलंय, साहेबांनी स्वतः माझ्याजवळ म्हटलंय. बावीस वर्षांची नोकरी सोडू नका. मी सांगते ना."

ते नमस्कार करून गेले. तुम्ही पुन्हा डब्याकडे वळलात. माझ्या तोंडात घास होता तो मी पाण्याबरोबर गिळला. इतकंच. त्यानंतरची कितीतरी वर्षं मी त्या दुपारकडे पाहते आहे आणि दर वेळी मला वाटतं, मी 'मूड काही बरा नाही' इतकंच म्हणायला हवं होतं. मूडवरून मला कुणी काढून टाकलं नसतं.

नोटीस लागली त्या सकाळी तुम्ही गेटवरच्या गर्दीतून थेट वर आलात आणि साहेबांच्या खोलीत गेलात. दार उघडंच होतं. मला सगळं ऐकू आलं. साहेब उठून उभे राहिले, तुमच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या वर्गामुळे शेवटची ऑर्डर वेळेवर गेली. थँक यू." तुम्ही बाहेर आलात. तुमचा उजवा हात अंगापासून जरा लांब धरलेला होता, काही सांडलं असावं तसा. माझ्यासमोरून गेलात, पण तुम्ही मला पाहिलं नाहीत.

दोन महिन्यांनी मला पीथमपूरला नोकरी लागली. तुम्ही पेढे घेऊन आलात. आईला म्हणालात, "हिची स्पीडच अशी आहे, कुणीही घेईल." त्या नोकरीसाठी साहेबांनी चिठ्ठी दिली होती, ताई. मी गप्प राहिले म्हणून दिली होती. पेढा मी खाल्ला.

दौलतरावांची प्लास्टिकवाली जागा तोवर गेली होती. ते भाजीची गाडी लावायला लागले. नोटिशीनंतरच्या पहिल्याच रविवारी तुम्ही त्यांच्या घरी गेलात आणि माफी मागितलीत. त्यांनी चहा केला, त्यांची बायको बाहेर आली नाही, हे तुम्ही मला सांगितलं होतं. त्यांची रंजना तेव्हा पाचवीत होती, गणितात मागे होती. तुम्ही म्हणालात, मी शिकवते. मग दर रविवारी सकाळी रंजनाचा अभ्यास आणि तिथून दुपारी मल्हारगंजला माझ्याकडे जेवण, असं सुरू झालं. रंजना कॉलेजात गेली, तिला नोकरी लागली, अभ्यास कधीच संपला. रविवार चालूच राहिले.

जेवताना तुमच्या बोलण्यात कधी ना कधी तो विषय यायचाच. "माझ्या एका शब्दानं त्या माणसाची घडी विसकटली, विजू." मी म्हणायचे, "जाऊ द्या, ताई. तुम्हाला काय माहीत होतं." हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले की ते मला माझ्याच तोंडून दुसऱ्या कुणाचं तरी ऐकू यायला लागलं.

पुढे तुम्ही त्या संस्थेत कारखान्यांतल्या सुपरवायझरांना शिकवायला लागलात. पुन्हा तीच पुस्तकं, तोच जिना चढणारा माणूस. मी एकदा चिडून विचारलं, इतकं होऊनही तुमचा यांच्यावर विश्वास कसा? तुम्ही म्हणालात, "पुस्तकानं फसवलं नाही ग. विचारणं खरंच होतं. मी ज्याचा शब्द दिला ते माझ्या हातात नव्हतं. चूक तिथं झाली." मग तुम्हाला स्वतःचं पुस्तक लिहावंसं वाटलं. मराठीत, साध्या भाषेत, आपल्याकडच्या माणसांसाठी. टाय नाही, जिना नाही. टाइप करायला वह्या माझ्याकडे आल्या.

सातव्या पाठाचं नाव 'शब्द' होतं. त्यात दौलतरावांची गोष्ट होती, नाव बदलून. तुम्ही स्वतःला कुठंही सोडलं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, 'मिल बंद होणार हे त्या वेळी जनरल मॅनेजरखेरीज कुणालाही माहीत नव्हतं. पण माहीत नसणं हा माझा बचाव नाही. जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देणाऱ्यानं आधी आपल्याला काय माहीत नाही ते शोधावं.'

पहिलं वाक्य मी जसंच्या तसं टाइप केलं. एकही चूक नाही. तुम्ही प्रूफ वाचून म्हणालात, "तुझं काम म्हणजे बघायला नको."

नोकरी सुटेल ही भीती पहिली काही वर्षं होती. आई गेल्यावर ती उरली नाही. मग मी का बोलले नाही, असं तुम्ही विचारलं असतंत तर तेव्हा मला उत्तर देता आलं नसतं. आता देता येतं, पण ते पुढं सांगते. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी ठरवून आले होते. खुर्ची जवळ ओढली, तोंड उघडलं. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "विजू, रंजनाला फोन कर. रविवारी मला यायला जमणार नाही म्हणावं." मी फोन करायला बाहेर गेले. परत आले तेव्हा तुम्हाला झोप लागली होती.

पुण्यानुमोदनानंतर लोक पांगले. मी बाहेरच्या ओट्यावर बसून चपला शोधत होते. दौलतराव शेजारी येऊन बसले. आता त्यांना ऐकायला कमी येतं, ते जरा मोठ्यानं बोलतात.

"ताईजी, एक गोष्ट सांगायची राहून गेली मॅडमजींना. तुम्ही त्यांच्या जवळच्या, म्हणून तुम्हाला सांगतो. मी त्यांच्या सांगण्यानं थोडीच थांबलो होतो. तुमच्या ऑफिसात आलो त्याच्या तिसऱ्याच दिवशी त्या प्लास्टिकवाल्यानं मना केलं होतं. त्याच्या साल्याला ठेवून घेतलं त्यानं."

मी म्हटलं, "मग तुम्ही ताईंना सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. पहिल्या रविवारीच. पण त्या आल्या, रडल्या, आणि म्हणाल्या मी पोरीला शिकवते. तेव्हा सांगितलं असतं तर दुसऱ्या रविवारी कशाला आल्या असत्या? सोचलं, एक साल जाऊ दे. मग दहावी होऊ दे. मग तर सांगायला तोंडच राहिलं नाही." त्यांनी एक चप्पल पायानं जवळ ओढली. "पुस्तकात पण लिहिलं त्यांनी. रंजनानं वाचून दाखवलं. मी उठून बाहेर गेलो."

मी ओट्यावर बसूनच राहिले. इतकी वर्षं तुम्ही जे ओझं वाहिलंत ते तुमचं नव्हतंच. आणि आम्ही दोघांनी, एकमेकांना न विचारता, ते तुमच्या डोक्यावरून उतरू दिलं नाही. दौलतरावांना मुलीसाठी तुम्ही हव्या होतात. मला माझ्यासाठी. तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्ही मला माफ केलं असतंत, याची मला पूर्ण खात्री आहे. पण मग माझ्यासमोर बसून मन मोकळं करायला तुम्ही आला नसतात. माझ्याशी बोलायला तुमच्याजवळ ते एक दुःख होतं, आणि त्यावर माझे रविवार चालले होते. मी का बोलले नाही, त्याचं उत्तर हे आहे, ताई. न विचारलेल्या प्रश्नाचं.

मी दौलतरावांना माझं सांगितलं. अर्ज, एकोणीस दिवस, त्या दुपारचं 'हो, बरा आहे'. दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा त्यांना नीट ऐकू आलं नाही. ऐकल्यावर ते बराच वेळ हाताचा तळवा गुडघ्यावर घासत बसले. मग म्हणाले, "मी तिथंच उभा होतो ना तेव्हा." मी म्हटलं, "हो." ते उठले आणि चपला घालून गेले. रागावले की नाही मला कळलं नाही.

रंजना आता कारखान्यातल्या माणसांचंच काम बघते, तुम्हाला त्याचा किती अभिमान होता. तुमच्या पुस्तकाच्या प्रती संपल्यात, आणि पुन्हा छापायचं तिनं ठरवलंय. जुनी छपाई पुसट झाली आहे, सगळं तुमच्या वह्यांवरून नव्यानं टाइप करायचं होतं. तिनं फोन केला, "मावशी, तुम्हीच कराल ना? तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला आईंचं अक्षर लागणार नाही." ती तुम्हाला आई म्हणत होती, आणि मला मावशी.

सातव्या पाठापाशी मी दोन दिवस थांबले. तुमचं वाक्य खोडायचा मला अधिकार नव्हता, आणि ते तसंच ठेवायचाही नव्हता. मनात आलं, 'जनरल मॅनेजर आणि मी' असं करावं. पण तुमच्या पुस्तकातली 'मी' तुम्ही आहात. तिथं माझ्यासाठी तो शब्द मोकळा नव्हता. म्हणून पानाच्या खाली टीप घातली. लिहिलं की हे विधान बरोबर नाही. अर्ज टाइप करणाऱ्या स्टेनोला एकोणीस दिवस आधी माहीत होतं, लेखिकेनं तिला विचारलं होतं आणि तिनं खोटं सांगितलं. खाली माझं पूर्ण नाव घातलं. दौलतरावांचं मी लिहिलं नाही. ते त्यांनी सांगायचं.

पानं रंजनाकडे पाठवली. तिचा तीन दिवस फोन आला नाही. चौथ्या दिवशी आला. टीप तशीच राहील म्हणाली. छपाईचं, कागदाचं, मुखपृष्ठाचं बोलली. आवाज नेहमीसारखाच नीट होता. बाबांशी तिचं काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फोन ठेवताना म्हणाली, "बरं, विजयाजी. प्रूफ आलं की पाठवते."

काल प्रूफ आलं. तेव्हाही ती विजयाजीच म्हणाली.